साध्या पाण्याची तालीम

मधल्या सुटीची घंटा होते आणि शाळेतील इतर शिक्षक डबे उघडतात, तेव्हा धम्मानंद गजभिये सर सायकलवर असतात. उत्तर नागपुरातील एका गल्लीत त्यांचे दोन खोल्यांचे घर आहे. दाराला बाहेरून कुलूप असते. ते उघडून सर आत जातात, हात धुतात आणि खाटेवर निजलेल्या आपल्या वृद्ध मातेची कूस पालटतात. इंदूबाईंची डावी बाजू अर्धांगवाताने गेलेली आहे. एकाच कुशीवर फार काळ राहिल्यास पाठीला जखमा होतात, असे डॉक्टरांनी बजावले आहे. सुनेने, म्हणजे कौसल्येने, पहाटे दिलेली कूस मुलाने दुपारी पालटायची, असा या घराचा नित्यक्रम आहे. कौसल्या बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात शिवणकामाला जाते. कंपनीची बस तिला उजाडण्यापूर्वी नेते आणि दिवेलागणीला आणून सोडते. मधला सारा दिवस त्या खाटेचा आणि कुलपाचा.

कूस पालटताना इंदूबाई रोज एकच प्रश्न विचारतात. वाणी थोडी जड झाली आहे, पण जिज्ञासा उणावलेली नाही.

"काय शिकवलं गा आज?"

त्या स्वतः शाळेची पायरी चढल्या नाहीत. त्यांचे पती धोंडबा गिरणीत कामाला होते. छप्पन साली दीक्षेच्या मैदानावर उभा राहिलेला तो तरुण मजूर पुढे आपल्या मुलाला एवढेच सांगत राहिला, की कोणी सांगितले म्हणून मानायचे नाही, आपल्या डोळ्यांनी पाहून मानायचे. त्या घरात सायंकाळी म्हटल्या जाणाऱ्या वंदनेचा भावही तोच होता: या, स्वतः पाहा, मग स्वीकारा. धम्मानंदांनी विज्ञान हा विषय उपजीविकेसाठी निवडला असे म्हणणे अपुरे होईल. वडिलांच्या त्या वाक्याचाच विस्तार त्यांना विज्ञानाच्या पुस्तकात दिसला होता. कृती, निरीक्षण, अनुमान ही त्या पुस्तकातील तीन पदे ते एखाद्या तीर्थाच्या तीन पायऱ्यांसारखी उच्चारीत. आणि निरीक्षणावर पाऊल न ठेवता अनुमानावर उडी मारणाऱ्या मुलाला ते हसत म्हणत, "खाली उतर बाप्पा. मधली पायरी राहिली ना तुही."

दुपारच्या त्या थोडक्या वेळात ते आईला सारे सांगत. लोहचुंबक कसा वागतो, पान हिरवे काहून असते, सावली सकाळी लांब का पडते. इंदूबाई डोळे मिटून ऐकत आणि शेवटी विचारीत, "तू पाह्यलं ना सोता?" "पाह्यलं ना माय," असे उत्तर आले, की त्यांचे समाधान होई.

ज्या शाळेत सर शिकवीत, ती टिमकीच्या अलीकडे, विणकरांच्या वस्तीला लागून आहे. एके काळी तिथे वर्ग अपुरे पडत. आता वस्तीतील हातमाग मोडीत निघाले, घराघरांतील मुले पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळांना जाऊ लागली आणि जी उरली, त्यांचेही पालक सातवीनंतर दाखला मागू लागले. विद्यार्थी घटले की तुकडी बंद होते आणि तुकडी बंद झाली की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. हा शब्द मोठा निर्दय आहे. ज्याने आपले उभे आयुष्य एका फळ्यासमोर घालविले, त्याला एका सकाळी कळते की आपण गरजेहून जास्तीचे आहोत. मग त्याला जिल्ह्यात जिथे जागा असेल तिथे धाडतात. त्या वर्षी आठवीची दुसरी तुकडी टिकणार नाही अशी चिन्हे होती. ती गेली तर विज्ञानाचे एक पद जाणार होते, आणि संस्थेच्या सचिवांनी ते कोणाचे, हे आडपडदा न ठेवता सांगितले होते.

"सर, खाप्याकडे जागा खाली आहे म्हणतात. कन्हानच्या काठी हवा चांगली आहे," सचिव हसून म्हणाले होते. "पण तुम्हाले पाठवायची माही इच्छा नाही. तुकडी वाचवा, तुम्ही वाचले."

 सरांच्या मनात एकच हिशेब होता: खाप्याला गेलेली बस मधल्या सुटीत परत येत नाही. दुपारची कूस कोणी पालटायची? बाई ठेवावी तर पगार पुरत नव्हता आणि शेजारणींना रोज सांगावे तर संकोच होत होता. राजीनाम्याचा विचार मनात येण्याआधीच औषधांच्या दुकानाची पाटी डोळ्यांपुढे येई. जिकडे पाहावे तिकडे भिंत होती, आणि जी एक फट होती तिच्यावर सचिव उभे होते.

सचिवांचा उपाय असा होता. मार्चअखेर सातवीच्या पालकांना शाळेत बोलवायचे आणि त्यांच्यादेखत त्यांच्याच मुलांचा विज्ञानाचा पाठ घ्यायचा, तोही इंग्रजीत. शाळा सेमी-इंग्रजी झाल्याला फार दिवस झाले नव्हते. विज्ञान आणि गणित इंग्रजीतून, उरलेले विषय मराठीतून, असा तो द्विदल प्रकार. पालकांच्या इच्छेत काही गैर होते असे नाही. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या दारात उभे राहून आपले बोलणे अपुरे पडताना पाहिले आहे, त्याला आपल्या लेकराच्या तोंडी ती भाषा हवी असते. सर हे जाणत होते. म्हणून ते रात्री शब्दकोश घेऊन बसत आणि दिवसा नव्या शब्दांनी शिकवीत. 'निवळी' या नितळ शब्दाच्या जागी 'लाइम वॉटर' म्हणताना जिभेला किंचित थबकावे लागे, एवढेच.

"एकच प्रयोग घ्या," सचिव म्हणाले, "पण रंग बदलणारा घ्या. लोकायले रंग बदललेला आवडते. आणि पोरं एका सुरात बोलली पाहिजे. मंग टाळ्या."

सरांनी चुन्याच्या निवळीचा प्रयोग निवडला. पानठेल्यावरचा खायचा चुना पाण्यात कालवून, स्थिर होऊ देऊन, वरचे स्वच्छ पाणी गाळून घेतले की निवळी तयार होते. दिसायला ते निव्वळ पाणी. त्यात नळीने उच्छ्वास सोडला की ती पाहता पाहता दुधाळ होते, कारण आपल्या श्वासात कार्बन डायऑक्साइड असतो. स्वतःच्या छातीतील अदृश्य वायू स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा हा प्रयोग त्यांना सर्व प्रयोगांत पवित्र वाटे.

तालीम सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी अडचण आली. मोहित नावाच्या मुलाने नळीतून फुंकण्याऐवजी ओढले. सुदैवाने सरांनी त्या दिवशी ग्लासात साधेच पाणी घातले होते.

"कसं लागलं बे?" मागून कोणी तरी विचारले.

"गोड नाही आहे," मोहित गंभीरपणे म्हणाला, आणि वर्ग खदखदून हसला.

सर हसले, पण मनातून हादरले. चुन्याचे पाणी पोराच्या घशात गेले असते तर? त्यांनी ठरविले की तालीम सगळी साध्या पाण्यावर करायची. मुलांना फुंकण्याची सवय झाली की मग प्रत्यक्ष दिवशी खरी निवळी ठेवायची. निर्णय विवेकाचा होता. ग्लास मांडण्याचे काम शिपाई गुलाबचंद याच्याकडे होते. तो रोज कॅनमधील पाणी ग्लासात ओतून टेबलावर ठेवी. पायल निनावे ही मुलगी नळीने फुंकी आणि तिने मान वर केली की सगळा वर्ग एका सुरात म्हणे, "द लाइम वॉटर टर्न्स मिल्की." मग टाळ्या.

पायलच्या आजोबांचा माग केव्हाच भंगारात गेला होता. वडील ई-रिक्षा चालवीत. मुलगी बोलायला धीट आणि पाहायला तिच्याहून धीट होती. पहिल्या दिवशीच तिने विचारले, "पण सर, हे तं मिल्की नाही होऊन राहिलं. मंग काहून म्हणायचं?"

"आज साधं पाणी आहे बेटा. हे नुसती प्रॅक्टिस आहे. त्या दिवशी खरी निवळी राहील. मंग पाहशील, तुह्या फुंकीनं दूध होते."

"खरंच?"

"तूच पाह्यशील ना."

त्यावर ती रोज तालमीत मुकाट्याने फुंकत राहिली. तिच्या मैत्रिणी चिडवीत, "काय वं पायल, आज दूध निघालं का?" ती म्हणे, "त्या दिवशी पाहा ना." त्या दिवसाची वाट वर्गात खऱ्या अर्थाने ती एकटीच पाहत होती. बाकीच्यांची वाक्ये पाठ झाली होती आणि पाठ झालेल्या वाक्याला डोळ्यांची गरज उरत नाही. आपल्या प्राचीन तत्त्वचिंतकांनी ज्ञानाच्या साधनांत प्रत्यक्षाला पहिले स्थान दिले आणि शब्दाला त्याच्या मागे बसविले. त्या वर्गात रोज थोडे थोडे करून हा क्रम उलटत होता. तो उलटविणारा हात आपलाच आहे, हे सरांच्या ध्यानात येत नव्हते असे नव्हे. पण त्या एका दिवशी खरी निवळी सगळे सरळ करील, असा त्यांचा भरवसा होता.

आदल्या दिवशी त्यांनी स्वतः चुना आणला, निवळी गाळली, बूच घट्ट बसवून बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवली. सकाळी सचिवांनी त्यांना फाटकापाशी पालकांच्या स्वागताला उभे केले. तिथून त्यांनी गुलाबचंदला हाक मारून सांगितले, "टेबल मांडून ठेव गा. सगळं रोजच्यासारखंच."

सभागृहात दोन मोठे कूलर घोंगावत होते. मार्चच्या उन्हातून आलेले पालक पुढच्या रांगांत बसले होते. पायलची आई हर्षाबाई मधल्या वाटेलगत, डोक्यावरचा पदर सावरीत, मुलीकडे पाहत होत्या. सचिवांनी ध्वनिक्षेपक हाती घेतला.

"आता आपली पोरं इंग्रजीतून सायन्स बोलून दाखवतील. कोणी म्हणते का, की हे टिमकीची पोरं आहेत म्हणून?"

पाठ सुरू झाला. वायू, श्वसन, उच्छ्वास. प्रश्न आणि उत्तरे दोन्ही बाजूंनी तालमीतील लयीत चालली. मग पायल पुढे आली. तिने नळी ग्लासात सोडली आणि फुंकू लागली. तालमीत ती इतके कधीच फुंकली नव्हती. गाल फुगले, डोळे ग्लासावर खिळले, बुडबुड्यांचा आवाज कूलरच्या घोंगावण्यातही ऐकू येऊ लागला. तिने श्वास घेण्यासाठी मान वर केली. तीच तालमीतील खूण होती.

"द लाइम वॉटर टर्न्स मिल्की!"

वर्ग एका सुरात गर्जला. टाळ्या झाल्या. पालकांच्याही टाळ्या त्यात मिसळल्या. टेबलावरचे पाणी स्वच्छ होते. ग्लासापलीकडच्या टेबलक्लॉथवरची फुले त्यातून दिसत होती.

सरांनी ते पाहिले आणि त्याच क्षणी सारे त्यांना उमगले. 'रोजच्यासारखंच' म्हटल्यावर गुलाबचंदने रोजच्यासारखेच मांडले होते. बाटली कपाटात होती. मागच्या रांगांना ग्लास दिसत नव्हता आणि पुढच्या रांगांचे लक्ष मुलांच्या तोंडाकडे होते. पाहत होते ते सर आणि पायल, दोघेच.

"सर," पायल हळू म्हणाली, "हे तं साधंच पाणी आहे ना."

सचिवांना तिचे ओठ हललेले दिसले. ते प्रसन्न मुद्रेने ध्वनिक्षेपक घेऊन पुढे झाले. "काय म्हणते बेटी? बोल, बोल! माइकमधून बोल, सगळ्यायले ऐकू येऊ दे."

ध्वनिक्षेपक तिच्या तोंडाशी आला. तिने सरांकडे पाहिले. त्या दृष्टीत तक्रार नव्हती. बोलू का, एवढेच विचारणे होते. धोंडबांचे वाक्य सरांच्या कंठाशी आले असेल. पण त्याच कंठाशी आणखी काही होते: बाहेरून लावलेले कुलूप, खाट, आणि दुपारी परत न येणारी बस. "मुलगी खरे बोलते आहे, ग्लास चुकला, क्षणभर थांबा, मी बाटली आणतो." इतके साधे वाक्य होते ते. मागाहून त्यांनी ते मनात कितीदा तरी म्हटले. तेव्हा मात्र त्यांनी हात पुढे करून ध्वनिक्षेपक स्वतःकडे घेतला.

"शी सेज, इट इज व्हेरी मिल्की, सर."

पुन्हा टाळ्या झाल्या. पायल नळी हातात धरून उभी राहिली, मग जागेवर जाऊन बसली.

कार्यक्रमानंतर हर्षाबाई मुलीचा हात धरून आल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "सर, माही पोरगी तुमच्याच शाळेत राहीन. तिच्या बाबाले मी सांगतो. किती फाडफाड बोलली बाप्पा!"

पायल बोललीच नव्हती. सरांना ते ठाऊक होते, पायललाही होते. दोघेही खाली पाहत राहिले.

गुलाबचंद टेबल आवरीत होता. सरांनी विचारले, "बाटली कपाटात राहिली काय गा?"

"तिले तं हात बी नाही लावला सर. तुम्हीच म्हटलं ना, रोजच्यासारखं." मग त्याच्या ध्यानात काही तरी आले आणि तो जीभ चावून म्हणाला, "काऊन, बदलाचं होतं काय? पण जाऊ द्या ना सर, झकास झालं! कोणाले समजलं बी नाही."

त्या दुपारी घरी इंदूबाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. सरांनी कूस पालटता पालटता निवळीचा प्रयोग सांगितला.

"मंग झाली पांढरी?"

"झाली."

"तू पाह्यलं ना?"

सरांनी उशी नीट केली, चादर ओढली. उत्तराची इतकी वाट आजवर पाहावी लागली नव्हती, म्हणून इंदूबाईंनी डोळे उघडले.

"पाह्यलं माय."

"मले बी दाखव ना एक डाव," त्या म्हणाल्या.

आठवीची तुकडी टिकली. सचिवांनी त्यांना बोलावून पेढा दिला आणि पुढल्या वर्षी हाच 'दुधाचा पाठ' आणखी मोठ्या मंडपात करू असे सांगितले. खाप्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. ज्या फटीतून निसटावे म्हणून सर धडपडले, ती फट त्यांच्यामागे मिटली आणि ते त्या दुधाच्या पाठातच अडकून राहिले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्याच दिवशी, मधल्या सुटीच्या आधीच्या तासाला, त्यांनी कपाटातील बाटली वर्गात नेली. बूच उघडले, निवळी ग्लासात ओतली आणि पायलला पुढे बोलावले. "सावकाश फुंक," ते म्हणाले, "ओढायचं नाही." ती फुंकली. पहिल्या काही बुडबुड्यांतच पाणी धुरकटले, मग धूर दाटला आणि ग्लासात शुभ्र दूध उभे राहिले. मोहित बाकावर उभा राहून "अबे!" म्हणाला. सरांच्या छातीवरचे ओझे किंचित हलले.

"सांग पायल. काय झालं?"

पायल ग्लासाकडे पाहत नव्हती. ती सरांकडे पाहत होती.

"खरं सांगू का सर," तिने विचारले, "का तेच सांगू?"

 सर म्हणाले, "आज दोन्ही एकच आहे, बेटा. ग्लासाकडे पाह्य आणि सांग."

"द लाइम वॉटर टर्न्स मिल्की," ती म्हणाली. तिने पाहिले नाही. आणि कोणी न सांगता, तालमीत ठरल्याप्रमाणे, वर्गाने टाळ्या वाजविल्या.

घंटा झाली. उरलेल्या निवळीची बाटली पिशवीत घालून सर सायकलवर निघाले. त्यांनी आईची कूस पालटली, तिला उशीला टेकवून थोडे उठते केले, स्वच्छ ग्लासात निवळी ओतली आणि नळी तिच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यात धरली. "फुंक माय. ओढू नको." इंदूबाईंनी जीव लावून फुंकले. पण ओठांच्या निर्जीव डाव्या कोपऱ्यातून सारी हवा बाहेर निसटली. ग्लासात एक बुडबुडाही उठला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. मग दमून मान मागे टेकली, मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि समाधानाने म्हणाल्या,

"झालं गा पांढरं."

ग्लासातील निवळी नितळ होती.  काल सभागृहात जे म्हणायचे राहून गेले, ते इथे, कुलपाच्या आत, जिथे त्याची काही किंमत मोजावी लागत नव्हती, त्यांनी म्हटले.

"नाही माय. नाही झालं."

"नाही झालं?"

"नाही. साधंच आहे अजून."

इंदूबाईंनी विचारले, "मंग तुहं कसं झालं होतं?"

या प्रश्नाचे उत्तर द्यायला वेळ नव्हता. पुढच्या तासाची घंटा जवळ आली होती. वेळ असता तर त्यांनी दिले असते का, हे सांगता येणार नाही. त्यांनी ग्लास खाटेजवळच्या स्टुलावर, आईच्या नजरेसमोर ठेवला आणि त्यावर काही झाकले नाही. उघडी निवळी खोलीच्या हवेतही हळूहळू बदलते, तिच्यावर पांढरा पापुद्रा धरतो, हे त्यांना ठाऊक होते. आईला ते सांगितले नव्हते.

"याच्याकडे पाह्यत राह्य," ते म्हणाले. "संध्याकाळी मी आलो की सांग मले काय दिसलं ते. मी म्हणीन म्हणून नको सांगू. दिसलं तसंच सांग."

"नाही दिसलं तं?"

"तं नाही दिसलं म्हण."

इंदूबाईंनी ग्लासाकडे डोळे लावले. सर बाहेर आले, दार ओढून घेतले, कुलूप लावले, ते लागले की नाही हे ओढून पाहिले आणि सायकलवर बसले.